आरोग्य विम्याचे कमिशन घटल्यावर ग्राहकाकडून शुल्क घ्यावे का?

आपल्या पत्रातील प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, कारण इंदूर, देवास आणि उज्जैनकडच्या आणखी काही सहकाऱ्यांनीही जवळपास हेच विचारले आहे. आपण सुदामानगरात राहून आरोग्य विम्याची एजन्सी चालवता. आपल्याकडे सुमारे २०० कुटुंबे आहेत आणि त्यांचा सरासरी वार्षिक प्रीमियम २५,००० रुपयांच्या आसपास आहे. सप्टेंबर २०२५ नंतर हाती पडणारे कमिशन एकाएकी कमी झाले, म्हणून प्रत्येक कुटुंबाकडून वर्षाला १,००० रुपये ‘सेवा शुल्क’ घ्यावे असा आपला विचार आहे. आपल्या ओळखीचे एक गृहस्थ दाव्याच्या रकमेतून १० टक्के घेऊन क्लेम ‘पास करून देतात’, आणि न्यू जर्सीत राहणारे आपले भाचे सांगतात की तिकडे एजंट सरळ फी लावतात. जाता जाता आपण हेही लिहिले आहे की जवळजवळ निम्म्या कुटुंबांना आपण दरवर्षी प्रीमियमच्या ५ टक्के रक्कम परत देता. माझ्या मते आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या शेवटच्या वाक्यात आहे. पण तिथपर्यंत जाण्याआधी ही घट नेमकी कुठून आली ते पाहू.

जीएसटी परिषदेच्या ३ सप्टेंबर २०२५ रोजी झालेल्या ५६ व्या बैठकीत व्यक्तिगत आरोग्य विम्यावरचा १८ टक्के कर रद्द करण्याचा निर्णय झाला आणि २२ सप्टेंबरपासून तो अमलात आला. फॅमिली फ्लोटर (एकाच विमा रकमेत सारे कुटुंब) आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पॉलिसीही त्यात आल्या. २५,००० रुपयांच्या प्रीमियमसाठी ग्राहक पूर्वी २९,५०० रुपये भरत होता, तो आता २५,००० भरतो, आणि त्याच्या दृष्टीने हे चांगलेच झाले. मात्र करमुक्त सेवेवर कंपनीला इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे तिने स्वतःच्या खर्चांवर भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही. आपल्या कमिशनवरचा जीएसटी आपण स्वतः भरत नसून ‘रिव्हर्स चार्ज’ पद्धतीने कंपनी भरते, ही गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांच्या कधी लक्षातही आली नव्हती. पूर्वी कंपनी हा कर भरत असे आणि प्रीमियमवर गोळा केलेल्या करातून तो वजा करून घेत असे, त्यामुळे तिला त्याची झळ लागत नव्हती. आता तो तिचा खर्च झाला, आणि अनेक कंपन्यांनी हा खर्च वितरकांकडे सरकवला. त्यासाठी त्यांनी टक्केवारी तीच ठेवली, फक्त ती यापुढे ‘जीएसटीसह’ समजावी असे कळवले.

आकड्यांत सांगायचे तर २५,००० च्या प्रीमियमवर १५ टक्क्यांनी ३,७५० रुपये होतात. ही रक्कम जीएसटीसह धरली की तिला १.१८ ने भागावे लागते आणि एजंटाच्या वाट्याला ३,१७८ रुपये येतात. घट ५७२ रुपयांची, म्हणजे कमिशनच्या सव्वापंधरा टक्क्यांची आहे. पुष्कळ जण ‘कमिशन १८ टक्क्यांनी कापले’ असे म्हणतात ते हिशेबाने बरोबर नाही. आपल्या २०० कुटुंबांचा एकूण प्रीमियम ५० लाख धरला, तर वर्षाचे ७,५०,००० रुपये होते ते सुमारे ६,३५,६०० झाले आणि खड्डा साधारण १,१४,४०० रुपयांचा पडला. आपली कंपनी नेमके कोणते सूत्र लावते ते तोंडी विचारू नका, कमिशनचे लेखी कोष्टक मागा. व्यवस्थापक फोनवर सांगतो ते आणि महिन्याच्या विवरणात उतरते ते नेहमी जुळतेच असे नाही. त्याच विवरणात टीडीएस, म्हणजे कंपनीने आधीच कापून घेतलेला आयकर, वेगळा पाहावा. १ एप्रिल २०२५ पासून वैयक्तिक एजंटाच्या कमिशनवर तो ५ ऐवजी २ टक्के आहे आणि वर्षाला २०,००० रुपयांपर्यंत कापला जात नाही. तो पैसा आपलाच असतो, आयकर विवरणपत्र भरताना त्याची जमा मिळते. कित्येक सहकारी मात्र टीडीएस आणि कमिशन-कपात एकत्र करून उगाच घाबरून जातात.

यामागचा थोडा जुना इतिहासही लक्षात घ्यावा लागतो. विमा नियामक इर्डाईच्या २०१६ च्या नियमांत व्यक्तिगत आरोग्य विम्यावरच्या कमिशनला १५ टक्क्यांची कमाल मर्यादा होती. १ एप्रिल २०२३ पासून पॉलिसीनिहाय मर्यादा गेली आणि तिच्या जागी कंपनीच्या कमिशनसह एकूण व्यवस्थापन खर्चावर मर्यादा आली: साधारण विमा कंपन्यांना एकूण प्रीमियमच्या ३० टक्के, फक्त आरोग्य विमा करणाऱ्या कंपन्यांना ३५ टक्के. कमाल मर्यादा गेली तेव्हा आपल्याकडे पेढे वाटणारे काही जण होते. किमान मर्यादा तर कधीच नव्हती, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. कोणाला किती द्यायचे हे आता कंपनीचे संचालक मंडळ ठरवते, आणि बँका व मोठी ऑनलाइन दुकाने यांच्यापुढे इंदूरच्या एका एजंटाचा आवाज किती पोहोचणार हे उघड आहे. भरीला १ ऑक्टोबर २०२४ पासून दोन-तीन वर्षांचा एकरकमी घेतलेला प्रीमियमही कंपनीला वर्षागणिक विभागून हिशेबात धरावा लागतो, त्यामुळे अशा पॉलिसीवर भरघोस रक्कम देण्याचा कंपन्यांचा उत्साहही ओसरला आहे. थोडक्यात, ही घट एका हंगामापुरती नाही. ती भरून निघेल या आशेवर बसण्यात अर्थ नाही.

आता आपल्या शेवटच्या वाक्याकडे येतो. १०० कुटुंबांना प्रीमियमच्या ५ टक्के परत द्यायचे म्हणजे दर कुटुंबामागे १,२५० रुपये आणि वर्षाला १,२५,००० रुपये होतात. ज्या घटीने आपली झोप उडाली आहे ती १,१४,४०० ची आहे. म्हणजे कंपनीने जितके काढून घेतले त्याहून अधिक आपण स्वतःच्या हाताने दरवर्षी वाटत आलात, आणि तेही कायद्याने मनाई असताना. विमा कायदा १९३८ च्या कलम ४१ नुसार कमिशनातला वाटा ग्राहकाला देणे निषिद्ध आहे, ग्राहकाने तो घेणेही निषिद्ध आहे, आणि दंड १० लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो. बाजारात सगळेच देतात हे खरे असले, तरी त्याने कायदा बदलत नाही आणि हिशेब तर मुळीच बदलत नाही.

परतावा थांबवला की काही कुटुंबे जातील, हे मी नाकारत नाही. समजा १०० पैकी ३० गेली. त्यांच्याकडून परतावा वजा जाता आपल्याला दर कुटुंबामागे ३,१७८ उणे १,२५०, म्हणजे १,९२८ रुपयेच उरत होते. ३० कुटुंबांचे सुमारे ५७,८०० गेले. राहिलेल्या ७० कुटुंबांचे ८७,५०० वाचले. निव्वळ फायदा जवळपास २९,७०० रुपयांचा झाला आणि ३० कुटुंबांचे काम कमी झाले, ते वेगळेच. आता याच्या शेजारी आपली १,००० रुपये शुल्काची योजना ठेवा. ती सर्वांना लागू करणार, म्हणजे ज्यांनी कधी परतावा मागितला नाही त्यांनाही. त्यातली ४० कुटुंबे दुखावून गेली, तर १,२७,१०० रुपयांचे कमिशन जाईल आणि उरलेल्या १६० कडून १,६०,००० येतील. पदरात ३२,९०० पडतील, म्हणजे रक्कम जवळपास तेवढीच. पण ती कमावताना आपण आपल्या चांगल्या ग्राहकांपैकी काही घालवलेले असतील. परतावा थांबवल्यावर जे जातात ते मुख्यतः भावावरच टिकलेले असतात. माझ्या अनुभवात असे लोक दाव्याच्या वेळी रात्री अकरालाही फोन करतात आणि पुढच्या नूतनीकरणाला तरीही दुसऱ्याकडचा भाव सांगतात.

शिवाय ज्याने आठ-दहा वर्षे ग्राहकाला आपल्या कमाईतून पैसे परत केले, त्याने त्याच ग्राहकाकडे एके दिवशी शुल्क मागायचे कोणत्या तोंडाने? परताव्याने आपण त्याला एवढेच शिकवले असते की एजंटाच्या कामाची किंमत ठरलेली नाही, ती घासाघिशीने खाली येते.

यातले बोलणे अवघड असते हे मला ठाऊक आहे. रामबागेतल्या एका काकूंनी जीएसटी गेल्यावर मला विचारले, “भाऊ, सरकारने साडेचार हजार सोडले, आता तुम्ही काय सोडणार?” मी त्यांना सांगितले, “काकू, तुमचे साडेचार हजार वाचले त्यातच माझे पाचशे-सहाशे गेले आहेत. मी काही सोडणार नाही आणि तुमच्याकडून जास्तीचे काही मागणारही नाही.” त्यांनी चेक दिला. ग्राहकाने विचारल्यास आपल्या कमिशनचा दर सांगणे हे एजंटाच्या आचारसंहितेत बंधनकारक आहे, तेव्हा ते सांगताना चोरट्यासारखे होण्याचे कारण नाही. किंबहुना जीएसटी रद्द झाल्यानंतरचा काळ हे बोलण्यासाठी सर्वांत सोयीचा आहे, कारण परतावा बंद झाला तरी ग्राहकाचे एकूण बिल पूर्वीपेक्षा कमीच येते. कंपन्यांनी मूळ प्रीमियम वाढवला की ही सोय राहणार नाही.

आता शुल्काचा कायदेशीर भाग पाहू. आपल्याकडे वैयक्तिक एजंट हा कंपनीचा प्रतिनिधी असतो. सध्याच्या नियमांप्रमाणे तो एक जीवन विमा, एक साधारण विमा आणि एक आरोग्य विमा कंपनी यांच्यासाठी काम करू शकतो आणि त्याचा मोबदला कंपनीकडून येतो. ग्राहकाकडून शुल्क घेऊन केवळ सल्ला देणाऱ्या व्यक्तीसाठी इर्डाईने वेगळा परवाना ठेवलेला नाही. विमा दलालांना काही ठरावीक कामांसाठी, मुख्यतः मोठ्या व्यावसायिक ग्राहकांच्या बाबतीत, शुल्क घेण्याची मुभा आहे, पण थेट दलालीसाठी किमान भांडवलच ७५ लाख रुपये लागते आणि सुदामानगरातल्या घराच्या पुढच्या खोलीतून ते काम होत नाही. शेअर बाजाराच्या नियामकाकडे, सेबीकडे, नोंदलेले गुंतवणूक सल्लागार फी घेतात हे आपण पाहिले असेल. ती चौकट २०१३ च्या नियमांची आणि शेअर, म्युच्युअल फंड अशा गुंतवणुकींसाठी आहे, आणि तिथेही एकाच ग्राहकाकडून सल्ल्याची फी आणि विक्रीचे कमिशन असे दोन्ही घेता येत नाही. ज्या पॉलिसीवर आपण कंपनीकडून कमिशन घेता, तिच्याच विक्रीसाठी किंवा सेवेसाठी ग्राहकाकडून वेगळे १,००० रुपये घेणे याला मला कुठल्याही नियमात आधार दिसत नाही, आणि आपल्या नेमणूकपत्रातील अटी त्या आड येण्याचीच शक्यता अधिक आहे. तेव्हा माझे उत्तर ‘घेऊ नये’ असेच आहे.

आपल्या त्या ओळखीच्या गृहस्थांच्या १० टक्क्यांबद्दल तर शंकेलाही जागा नाही. विम्याच्या लाभार्थ्याकडून दाव्याच्या रकमेत वाटा मागणे किंवा स्वीकारणे हे एजंटाच्या आचारसंहितेत स्पष्टपणे निषिद्ध आहे. ते परवानाधारक एजंट नसतील, तर प्रश्न वेगळा आहे. पण आपण आपले दावे त्यांच्याकडे पाठवून त्यातून काही घेत असाल, तर नियम आपल्याला लागू होतोच. शिवाय ते जे ‘पास करून देतात’ त्यातले बरेचसे काम ग्राहक फुकट करू शकतो. नाकारलेल्या दाव्याबद्दल आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार करायची, एक महिन्यात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे जायचे. मध्य प्रदेशासाठी हे कार्यालय भोपाळला आहे, फी काही नाही, आणि ५० लाख रुपयांपर्यंतच्या भरपाईचा निवाडा तिथे होऊ शकतो. तक्रार मात्र विमाधारकाने, त्याच्या वारसाने किंवा नामनिर्देशित व्यक्तीने स्वतः करायची असते. वकील किंवा एजंट तिथे उभा राहू शकत नाही. अर्जाचा मसुदा बसवून देणे, डिस्चार्ज समरी, इनडोअर केस पेपर आणि कंपनीचे नकारपत्र तारखेनिशी लावून देणे एवढे काम आपले आहे, आणि ते आपल्या ग्राहकासाठी बिनशुल्क करावे असे माझे मत आहे. गल्लीत एक दावा सुटला की शेजारची दोन घरे आपोआप विचारायला येतात.

भाच्यांचे म्हणणे खोटे नाही, पण अर्धवट आहे. अमेरिकेत २०१० च्या आरोग्य सुधारणा कायद्याने २०११ पासून विमा कंपन्यांवर असे बंधन घातले की व्यक्तिगत आणि छोट्या गटांच्या प्रीमियमपैकी किमान ८० टक्के आणि मोठ्या गटांच्या प्रीमियमपैकी ८५ टक्के रक्कम उपचारांवर व आरोग्यसेवेच्या गुणवत्तेवरच खर्च झाली पाहिजे. कमिशन उरलेल्या हिश्शात मोडत असल्यामुळे कंपन्यांनी ते उतरवले, अनेकांनी टक्केवारी सोडून दर माणशी ठरावीक डॉलर देणे सुरू केले, आणि तेव्हापासून फीचा विषय तिकडे चर्चेत आहे. परंतु विमा तिकडे मुख्यतः राज्यांच्या अखत्यारीत येतो. फी घेता येते की नाही, घेतल्यास आधी लेखी करार हवा की नको, कमिशनही घेतले तर काय, हे राज्याराज्यांत वेगळे आहे. तिकडचा रिवाज इकडे लावायला आपल्या हाती तो कायदा नाही, एवढेच लक्षात ठेवावे.

मग शुल्क कशाचेच घेता येत नाही का? ज्या कामाचा आपल्या पॉलिसीशी आणि तिच्या कमिशनशी संबंध नाही, त्या कामाचे पैसे घेण्याला माझा विरोध नाही. समजा एखाद्या कुटुंबाने चार ठिकाणांहून घेतलेल्या, आपल्या नसलेल्या पॉलिसींची, बँकेच्या ठेवींची आणि नामनिर्देशनांची नीट फाइल लावून हवी आहे. इंदुरात अशी घरे पुष्कळ आहेत: मुलगा पुण्याला, मुलगी बंगळूरला किंवा परदेशात, आणि इथे लोकमान्यनगरात सत्तरीतले आई-वडील. मुलांना कोणीतरी विश्वासाचा माणूस हवा असतो आणि त्याचे पैसे द्यायची त्यांची तयारी असते. असे काम ठरावीक रकमेत, आधी लिहून देऊन, पावती देऊन करावे. त्यात विमा खरेदीची अट कोठेही नसावी आणि ज्याला फाइल नको त्याच्या पॉलिसीच्या सेवेत फरक पडू नये. आपल्या कंपनीला याची लेखी कल्पना देऊन ठेवावी, म्हणजे उद्या कोणी तक्रार केली, तर बचावासाठी कागद हाती राहील.

यात एक खाच आहे, ती मोठ्या सहकाऱ्यांनी विशेष पाहावी. केवळ कमिशन घेणाऱ्या एजंटाला रिव्हर्स चार्जमुळे जीएसटी नोंदणी घ्यावी लागत नाही, मग त्याचे कमिशन २० लाखांवर गेले तरी. पण त्याने स्वतंत्र शुल्क घ्यायला सुरुवात केली की ही सूट राहत नाही, आणि २० लाखांची मर्यादा मोजताना कमिशनही एकूण उलाढालीत धरले जाते. म्हणजे १९.५ लाखांचे कमिशन असलेल्याने ६०,००० रुपयांचे शुल्क घेतले की नोंदणी, विवरणपत्रे आणि १८ टक्के कर हे सगळे त्या ६०,००० पायी मागे लागते. आपल्याला हे आज लागू नाही, तरीही सीएंशी बोलून घ्यावे.

उत्पन्नाचा खरा प्रश्न मला वेगळ्याच ठिकाणी दिसतो. आपल्या वेळेचा हिशेब आपण कधी मांडला आहे का? एका वहीत महिनाभर दर दिवशी कोणत्या कुटुंबासाठी किती वेळ गेला तेवढे लिहा. बहुतेक एजंटांना असे आढळते की बराचसा वेळ कमिशनाशी संबंध नसलेल्या कामांत जातो: रुग्णालयाच्या बिलिंग खिडकीशी ताटकळणे, कागदांच्या छायाप्रती काढून आणणे, नातेवाइकांच्या दुसऱ्या कंपनीच्या पॉलिसीबद्दल सल्ला देणे. यातली पहिली गोष्ट नियम माहीत असल्यास बरीच कमी होते. इर्डाईच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा असतो, आणि रुग्णालयाकडून डिस्चार्जची विनंती आल्यापासून तीन तासांत अंतिम मंजुरी द्यायची असते. त्याहून उशीर झाल्यामुळे रुग्णालयाने जादा आकारणी केली, तर तो भार कंपनीने उचलायचा असतो. मी हा नियम एका कागदावर मराठी आणि हिंदीत छापून प्रत्येक पॉलिसीच्या फाइलीत लावतो. रुग्णालयाच्या विमा कक्षात नातेवाइकाने तो कागद दाखवला आणि मी घरून कंपनीला ईमेल केला की काम पुष्कळदा होते. दरवेळी स्कूटर काढून शहराच्या दुसऱ्या टोकाला जावे लागत नाही. सेवा कोणती आणि किती, हे त्याच कागदाच्या मागे लिहिलेले असते. दाखल झाल्याची सूचना, कागदांची यादी, कंपनीच्या शंकांना उत्तर, नूतनीकरण, नाव-पत्त्यातील बदल हे माझे काम. रात्रभर रुग्णालयात बसणे हे नातेवाइकांचे.

दुसरी गोष्ट गळती थांबवण्याची. नव्या पॉलिसीसाठी जितकी धावपळ होते त्याच्या पाव हिस्साही जुनी टिकवायला लागत नाही, आणि तरी आपण विक्रीच्या मागे लागतो, कारण कंपनीच्या स्पर्धा आणि सहली नव्या धंद्यावर असतात. पॉलिसी सुटते ती बहुधा वयाचा टप्पा ओलांडल्यावर प्रीमियम एकदम वाढतो तेव्हा. साठी ओलांडलेल्यांसाठी ३० जानेवारी २०२५ च्या आदेशानुसार कंपनीला इर्डाईशी सल्लामसलत केल्याखेरीज वर्षात १० टक्क्यांहून अधिक वाढ करता येत नाही, पण पन्नाशीतल्या ग्राहकाला हे संरक्षण नाही. अशा वेळी नूतनीकरणाच्या दोन महिने आधी बसून पर्याय मांडावेत: मूळ विमा रक्कम ५ लाखांवर ठेवून वर सुपर टॉप-अप (ठरावीक रकमेपलीकडच्या खर्चासाठीची जोड पॉलिसी) घ्यायचा का, खोलीभाड्याच्या मर्यादेची पॉलिसी असल्यास महाग खोली घेतल्यावर बाकीच्या बिलातही होणाऱ्या प्रमाणशीर कपातीचा धोका पत्करायचा का, की दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट करायचे. पोर्ट केल्याने आपले कमिशन जाणार असेल तरीही पर्याय सांगावा. प्रतीक्षा काळाची (ज्या काळात काही आजारांचे दावे मिळत नाहीत त्याची) भरून झालेली वर्षे पोर्ट करताना बुडत नाहीत, आणि ६० महिने पूर्ण झालेल्या पॉलिसीत फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज माहिती दडवल्याच्या कारणाने दावा नाकारता येत नाही, हे ग्राहकाला एकदा समजले की तो रागाच्या भरात पॉलिसी सोडून देत नाही. सुपर टॉप-अपवर कमिशन रुपयांत किरकोळ असते. त्याचा उपयोग मूळ पॉलिसी टिकवण्यासाठी आहे, कमाईसाठी नाही.

तिसरी वाट समूह विम्याची, आणि इंदूरच्या एजंटांनी ती जवळजवळ सोडून दिली आहे. जीएसटीची माफी फक्त व्यक्तिगत पॉलिसींना आहे. समूह विम्यावर १८ टक्के कर पूर्वीप्रमाणेच आहे, त्यामुळे कंपनीचे क्रेडिट शाबूत आहे आणि या कारणाने तिथले कमिशन कापण्याची तिला गरज नाही. दर व्यक्तिगत विम्याच्या मानाने कमी असतो, जुन्या नियमांत तो साडेसात टक्क्यांपर्यंतच होता, पण एका भेटीत पन्नास-साठ माणसे होतात. सांवेर रोडवर आणि पिथमपुरात असे छोटे कारखाने पुष्कळ आहेत जिथे २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेले कामगार ईएसआयसीत (सरकारच्या कर्मचारी राज्य विमा योजनेत) आहेत आणि त्यावरचे सुपरवायझर, हिशेबनीस व यंत्रज्ञ यांच्यासाठी मालकाने काहीच केलेले नाही. मालकाला विम्याचे फायदे ऐकवण्यापेक्षा हेच विचारावे की गेल्या दोन वर्षांत आजारपणासाठी किती जणांना उचल द्यावी लागली. आपल्या साधारण विमा कंपनीची अशी पॉलिसी असेल, तर परवान्यात काहीही बदल न करता हे काम करता येते. बऱ्याच कंपन्यांची पॉलिसी हाती असावी म्हणून कोणी दलालाचा पीओएसपी, म्हणजे त्याच्या वतीने विमा विकणारा माणूस, व्हायला सांगेल. त्यासाठी १५ तासांचे प्रशिक्षण पुरते, पण मग एजन्सी सोडावी लागेल आणि जुन्या नूतनीकरणांचे कमिशन चालू राहणार की नाही हे कंपनीकडून लिहून घेतल्याखेरीज त्या वाटेला जाऊ नये.

आपल्या २०० कुटुंबांबाबत मी आपल्या जागी असतो, तर मार्चअखेरची नूतनीकरणे सुरू होण्याआधी परतावा घेणाऱ्या १०० कुटुंबांची यादी करून त्यातल्या ज्यांच्याकडे गेल्या तीन वर्षांत दाव्याचे काम आपण केले आहे त्यांना प्रथम भेटलो असतो. ज्यांनी आपले काम पाहिले आहे त्यांच्याकडे ‘यंदापासून परतावा बंद’ हे वाक्य सर्वांत सोपे जाते. उरलेल्यांना फोनवर न सांगता नूतनीकरणाच्या सूचनेबरोबर दोन ओळींचे पत्र द्यावे, त्यात कलम ४१ चा उल्लेख असावा आणि जीएसटी गेल्याने त्यांचे स्वतःचे किती रुपये वाचत आहेत तो आकडा नावासकट लिहिलेला असावा.